मन भरकटलं, म्हणून नमाज सोडू नका

(उत्तन येथून समुदाय रेडिओवर झालेलं भाषण)



दुपारची वेळ आहे. कुणी जेवणं उरकून टेकली असेल, कुणी वलांडीवरचे बोंबील बघून आली असेल, कुणाच्या मांडीवर पोर झोपलं असेल. आणि बहुतेकींच्या हाताशी मोबाइल असेल. माझ्याही आहे. बोलताना वाजू नये म्हणून पालथा घालून ठेवलाय, तरी थोडं लक्ष तिकडे आहेच. तेव्हा आजचं बोलणं माझ्यासाठीही आहे असं समजा.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. चर्चची घंटा झाली की हातातलं काम बाजूला ठेवून प्रार्थना म्हणणाऱ्या. त्या एकदा मला म्हणाल्या, “तुमचं बरं आहे गं. दिवसातनं पाच वेळा नमाज, म्हणजे पाच वेळा डोकं शांत.” मला हसू आलं. खरं सांगते, मुसल्यावर उभी राहिले की एरवी न आठवणाऱ्या सगळ्या गोष्टी मला आठवतात. दूध गॅसवर ठेवलंय. मुलाच्या वहीवर सही राहिली. जावेनं ग्रुपवर टाकलेलं ते वाक्य मला उद्देशून होतं का? हात बांधलेले, ओठांवर आयत, आणि मन भाईंदर स्टेशनवर गाडीची वाट बघत उभं.

नमाज पढणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. ज्या पढत नाहीत त्यांना रोझरी म्हणताना, आरती करताना, जप करताना असंच होत असणार. मग वाटतं, असल्या प्रार्थनेचा उपयोग काय? मन नसेल तर ती न केलेली बरी. या एका प्रश्नाबद्दल मला आज बोलायचं आहे.

हा प्रश्न मला एका पावसाळ्यात फार जोरात पडला. माझी अम्मी गावाकडे दवाखान्यात होती. भाऊ तिच्यापाशी होता. मी इथे, आणि धाकटा मुलगा तापानं फणफणलेला, त्यामुळे लगेच निघता येईना. भाऊ म्हणाला, काही असलं की मेसेज टाकतो. झालं! दर दोन मिनिटांनी मी फोन उचलून बघत होते. जुहरच्या नमाजला उभी राहिले तेव्हा फोन मुसल्याच्या कडेलाच ठेवला होता. सजद्यात गेले तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, उजेड पडतो का. आणि मध्येच कळेना, ही तिसरी रकात की चौथी? तिथेच बसून रडले. त्या दिवशी असरची नमाज मी पढलीच नाही. वाटलं, अल्लाहसमोर उभी राहून फोनकडे बघणारी मी, कोणत्या तोंडानं उभी राहू?

संध्याकाळी चाचीचा फोन आला. म्हणाली, अम्मीसाठी दुआ कर. मी म्हटलं, “चाची, माझ्याकडून नमाजच होत नाही. मन ठिकाणावर नाही.” ती म्हणाली, “ठिकाणावर नाही म्हणूनच पढायची, बेटा. रकात विसरलीस? कमी धर, एक वाढव, दोन सजदे कर आणि सलाम फेर. एवढंच.”

हा नियम मी लहानपणी मदरशात पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र मला त्या दिवशी कळला. ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगते.

रकात म्हणजे नमाजचा एक फेरा. उभं राहून कुरआनमधलं काही म्हणायचं, कमरेत वाकायचं, पुन्हा सरळ व्हायचं आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकायचं. हे कपाळ टेकणं म्हणजे सजदा. पहाटेच्या फजरला दोन रकाती फर्ज, म्हणजे बंधनकारक. दुपारच्या जुहरला चार, असरला चार, सूर्य मावळल्यावर मगरिबला तीन आणि रात्री इशाला चार. दिवसाच्या एकूण 17. हे मोजताना चूक झाली तर काय करायचं, त्याची सोय नमाजच्या आतच करून ठेवलेली आहे. तिला ‘सजदा-ए-सहव’ म्हणतात. सहव म्हणजे विसर, नजरचूक. तीन झाल्या की चार, अशी शंका आली तर तीनच झाल्या असं धरायचं, एक रकात आणखी पढायची आणि शेवटी विसराचे दोन जादा सजदे करायचे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पद्धतीचे, त्यांच्यात हे दोन सजदे सलाम फेरण्याआधी करतात. हनफी पद्धतीत तपशील थोडे वेगळे आहेत, ते आपापल्या घरच्या जाणत्यांना विचारा. पण मूळ गोष्ट सगळीकडे एकच. मन भरकटणार हे गृहीत धरलेलं आहे. त्याला शिक्षा ठेवलेली नाही, दुरुस्ती ठेवलेली आहे.

आणि ही दुरुस्ती आपल्यासारख्या कच्च्या माणसांपुरती आहे असंही नाही. हदीसमध्ये प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद (स.) एकदा चार रकातींच्या नमाजमध्ये दोनच रकाती पढवून थांबले. मागे मोठमोठे सोबती होते, पण विचारायची कुणाची हिंमत होईना. मग एकानं विचारलं, नमाज कमी झाली आहे की आपण विसरलात? पैगंबर साहेबांनी इतरांना विचारून खात्री केली, राहिलेल्या रकाती पूर्ण केल्या आणि दोन सजदे केले. ज्यांनी नमाज शिकवली तेही विसरले, आणि विसरल्यावर काय करायचं ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. त्यात लाज नव्हती.

मैत्रिणींनो, आपण म्हणतो की आजच्या जमान्यात मन लागत नाही. पण लक्ष विचलित होणं ही मोबाइलनं आणलेली गोष्ट नाही. पैगंबर साहेबांना एकानं नक्षीची चादर भेट दिली होती. ती अंगावर घेऊन नमाज पढताना नजर नक्षीवर गेली, तर नमाजनंतर त्यांनी ती परत पाठवली आणि बदल्यात साधी चादर मागवली. जेवण वाढलेलं असेल आणि नमाजची वेळ झाली, तर आधी जेवून घ्या असं त्यांचं सांगणं होतं, कारण भुकेलं मन ताटाकडेच जाणार. साधारण नऊशे वर्षांपूर्वी इमाम गजाली होऊन गेले. त्यांचा मृत्यू 1111 सालचा. ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात त्यांनी या भरकटण्याची दोन कारणं वेगळी केली आहेत. एक बाहेरचं, डोळ्यांना दिसणारं आणि कानांवर पडणारं. दुसरं आतलं, काळजीचं आणि हव्यासाचं. बाहेरच्यावर त्यांचा उपाय अगदी साधा आहे. भिंतीजवळ उभे राहा, नजर खाली ठेवा, जिथे मन वेधून घेणारं काही नाही अशी जागा निवडा. त्यांच्या काळी हाताशी फोन असता, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा असंच त्यांनी सांगितलं असतं असं मला वाटतं.

मात्र सगळंच काही दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही. नक्षीची चादर परत पाठवता येते, रडणारं मूल कुठे पाठवणार? याचंही उत्तर आहे, आणि ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. पैगंबर साहेब लांब नमाज पढवायची म्हणून उभे राहत, आणि मागून एखाद्या तान्ह्याचं रडणं ऐकू आलं की नमाज आटोपती घेत. कारण त्याच्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना कळत होती. नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली आहे. सजद्यात जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलून घ्यायचे. म्हणजे पोरंबाळं, संसार, रडारड हे सगळं बाहेर ठेवल्याशिवाय देव भेटत नाही, असं या धर्मानं सांगितलेलं नाही.

इथून गोराईकडे गेलं की पॅगोड्याचा सोनेरी घुमट दिसतो, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. 2009 साली त्याचं उद्घाटन झालं. तिथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. फोन जमा करायचा, मौन पाळायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं. लोक लांबून येतात आणि त्यांना त्याचा गुण येतो. पण आपल्यातल्या कितीजणींना दहा दिवस घर सोडता येतं? नमाजचा रस्ता वेगळा आहे. ती दहा दिवस बाहेर पडायला सांगत नाही. आहे त्याच स्वयंपाकघराशेजारी, आहे त्याच दिवसात, पाच वेळा पाच-दहा मिनिटं मागते. मग पुन्हा कामाला जा म्हणते.

या पाच-दहा मिनिटांची बांधणी कशी आहे ते बघा. आधी वजू. मनगटापर्यंत हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग ओल्या हातानं डोकं पुसायचं आणि घोट्यापर्यंत पाय धुवायचे. हात ओले असताना फोन चालत नाही, हा आजच्या काळातला जादा फायदा! मग नियत, म्हणजे मी आता काय करते आहे ते मनाला सांगणं. मग तोंड किबल्याकडे, मक्केच्या काब्याच्या दिशेला. आपल्या उत्तनहून किबला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. म्हणजे किनाऱ्यावर उभं राहिलं तर समोर समुद्रच. मग हात कानांपर्यंत नेऊन तकबीर म्हटली की नमाज सुरू, आणि उजवीकडे-डावीकडे मान वळवून सलाम फेरला की नमाज संपली. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला. फोनचं याच्या नेमकं उलट. बोटानं वर सरकवत राहा, खालून नवीन येतच राहतं. त्याचा शेवट कुठेच नाही, म्हणून उठताना काही पूर्ण झाल्यासारखं वाटतही नाही. अर्धा तास गेला तरी मन भरत नाही आणि रिकामंही होत नाही.

कुरआनच्या तेराव्या सूरेत, सूरह अर-रअदच्या 28व्या आयतीत, मनाच्या समाधानाचं नातं थेट अल्लाहच्या स्मरणाशी जोडलेलं आहे. स्मरणासाठी तिथला शब्द ‘जिक्र’. आता गंमत बघा, आठवण करायला सांगितली जाते ती विसरणाऱ्याला. जो विसरतच नाही त्याला कोण आठवण करून देईल? दिवसाचे पाच थांबे ठेवले आहेत ते आपण मधल्या वेळात विसरतो म्हणूनच. शांती म्हणजे मन कधीच न हलणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. आता मला वाटतं, कितीही लांब गेलं तरी परत यायची वाट माहीत असणं, ही आपल्याला मिळणारी शांती.

हजरत फातिमांची गोष्ट तुम्हाला सांगते. त्या पैगंबर साहेबांच्या लेक. जातं ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. पैगंबर साहेबांकडे काही कैदी आले आहेत असं कळल्यावर, कामाला एखादं माणूस मिळावं म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. तेव्हा भेट झाली नाही. रात्री पैगंबर साहेब स्वतः त्यांच्या घरी आले आणि म्हणाले, मागितलंत त्याहून चांगलं सांगतो. झोपताना 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणा. आजही घरोघरी बायका याला तस्बीह-ए-फातिमा म्हणतात. सुबहानल्लाह म्हणजे अल्लाह सर्व उणिवांपासून पाक आहे, अल्हम्दुलिल्लाह म्हणजे सारी स्तुती त्याची, अल्लाहु अकबर म्हणजे तो सर्वांत मोठा.

ही गोष्ट ऐकली की मला आपल्या मराठी घरांतली जाती आठवतात. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून ओव्या म्हणत, त्यात देवाचं नाव घेत, लेकीची आठवण काढत. हात दळत होते आणि मनाला टेकायला जागा होती. मात्र या गोष्टीचा कुणी असा अर्थ काढू नये, की बाईनं नाव घेत गप्प राबावं आणि घरच्यांनी बसून राहावं. पैगंबर साहेब स्वतः घरच्या कामाला हात लावत, हेही हदीसमध्येच आहे. घरात मदत मागा, हक्कानं मागा. तस्बीह त्याच्या सोबतीला.

आणखी एक, हे बायकांनीच बायकांना सांगायचं. पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, आणि ती नंतर भरूनही काढावी लागत नाही. रोजे तेवढे नंतर पुरे करायचे. पण नमाज नाही म्हणून त्या दिवसांत अल्लाहशी बोलणंच बंद, असं काही नाही. दुआ करता येते, जिक्र करता येतं, दरूद म्हणता येतो. मी त्या दिवसांतही अजानच्या वेळेला पाच मिनिटं मुसल्याशेजारी बसते. मोडलेली सवय पुन्हा जोडायला फार कष्ट पडतात, त्यापेक्षा हे सोपं.

सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी तीन गोष्टी सांगेन. पहिली, नमाजच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, आणि वाजला तरी सलाम फेरेपर्यंत तिथेच. घरात आजारी माणूस असेल तर घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा, फोन उचल म्हणून. दुसरी, जे म्हणतो त्याचा अर्थ शिका. आपण अरबी पाठ करतो आणि अर्थाकडे वळतच नाही. सूरह फातिहाच्या सात आयतींचा अर्थ एकदा मराठीत नीट समजून घ्या. दिवसातून कितीतरी वेळा आपण तीच पढतो. अर्थ कळला की मनाला धरायला काही मिळतं. तिसरी, सलाम फेरल्यावर लगेच उठू नका. तस्बीह होईपर्यंत, दोन मिनिटं, बसून राहा. आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी नमाज टाकू नका.

लक्ष देणं म्हणजे काय, यासाठी मला माहीमच्या मखदूम बाबांची कथा आठवते. मखदूम अली माहिमी, 1372 ते 1431, आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे मोठे आलिम. त्यांनी कुरआनवर अरबीत भाष्य लिहिलं. त्यांच्या लहानपणची कथा अशी सांगतात, की रात्री आईनं पाणी मागितलं. ते पाणी घेऊन आले तोवर आईचा डोळा लागला होता. तिला उठवायचं नाही आणि जाग आल्यावर तिला थांबावं लागू नये, म्हणून ते पहाटेपर्यंत पाण्याचं भांडं हातात धरून उशाशी उभे राहिले. त्या रात्री त्यांच्या मनात दुसरे विचार आले नसतील असं कोण म्हणेल? हात अवघडले असतील, झोप आली असेल. पण ते उभे राहिले. मला वाटतं, नमाजमध्येही अल्लाह आपल्याकडून एवढंच मागतो. उभं राहणं आपलं काम.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कुणाला आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ‘नमाज पढ, बरं वाटेल’ एवढंच सांगून तिला परत पाठवू नका. तिचं ईमान कमी आहे असं तर मुळीच म्हणू नका. मनाचाही आजार असतो आणि त्याला डॉक्टर असतात. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416. एका माणसानं पैगंबर साहेबांना विचारलं होतं, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. आपल्या उत्तनमध्ये हे कुणाला समजावून सांगायला नको. वादळाची खबर आल्यावर होडी न बांधता कुणी नुसती प्रार्थना करत बसत नाही. आधी दोर, मग प्रार्थना.

माझ्या अम्मीचं सांगायचं राहिलं. चाचीशी बोलले त्या रात्री मी फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि राहिलेली असर आधी पढून घेतली. मुलाचा ताप उतरला तशी दोन दिवसांनी गावी गेले. चौथ्या दिवशी अम्मी गेली. त्या चार दिवसांत माझं मन शांत होतं असं मी म्हणणार नाही. रकाती पुन्हा चुकल्या, दोन सजदे पुन्हा करावे लागले, एकदा तर सजद्यात हुंदकाच फुटला. पण एकही नमाज सोडली नाही. अम्मीच्या उशाशी बसले तेव्हा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि तिचा हात माझ्या हातात होता. मृत्यूची खबर ऐकली की आम्ही जे म्हणतो त्याचा आशय असा, की आम्ही अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार. ते शब्द मी आयुष्यात शेकडो वेळा उच्चारले होते. त्या दिवशी ते म्हणताना मला परत जाण्याची थोडी सवय झालेली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, आज मगरिबला उभ्या राहिलात आणि मन भाजीपाशी, बिलापाशी, फोनपाशी गेलं, तर घाबरू नका. तिथून परत या. पुन्हा गेलं, पुन्हा परत या. रकात चुकली तर दोन सजदे आहेतच. ज्या नमाज पढत नाहीत त्यांनीही आपापल्या घंटेला, आपापल्या दिव्याला हेच करून बघावं.

शेजारच्या मावशींनाही मी परवा हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुझंपण मन पळतं होय! मला वाटलं माझंच.” आणि आम्ही दोघी हसलो.